सुगी, दिवाळी आणि परसातली मेथी: तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

घट बसायच्या सुमाराला पत्रं वाढतात हे नेहमीचंच, पण यावेळी पाटणपासून जतपर्यंत सगळ्यांचं दुखणं एकच दिसलं. सोयाबीन काढायचं, शेंगा वाळवायच्या, रब्बीचं पेरायचं आणि त्यातच दिवाळी येते, मग घरामागचा तो दोन गुंठ्यांचा तुकडा तसाच राहून जातो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते म्हणजे पुढची उत्तरं कळायला सोपी जातील. थंडीत तुमच्या घरात रोज कुठली भाजी शिजणार हे अश्विनापासूनच्या चार-सहा आठवड्यांतच ठरतं, आणि ते सगळं एकट्या बाईच्या अंगावर टाकलं तर होत नाही.

प्रश्न: ताई, आमचं पाऊण एकर रान. सोयाबीन निघालं की घरामागचे दोन गुंठे भाजीला ठेवायचेत. सासूबाई म्हणतात दिवाळी झाल्यावर बघू, मला वाटतं तोवर उशीर होईल. बाजारची मेथी आणून आणून कंटाळा आलाय. काय लावू आणि कधी लावू?
एक वाचक, कराड तालुका

दिवाळीची वाट बघू नका. सासूबाईंना सुगीची धास्ती आहे ती खरीच आहे, माणसं मोठ्या रानात अडकलेली असतात, पण दोन गुंठ्यांना दोन माणसांची एक सकाळ पुरते आणि ती सकाळ काढा.

तारखेपेक्षा वाफसा बघा, म्हणजे रानात काम करायला हवी तेवढीच ओल आहे का ते. मूठभर माती घेऊन दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा, फुटून भुगा झाला तर वाफसा आलाय, आणि थप्प करून तसाच पडला तर अजून एक-दोन दिवस त्या रानात पायसुद्धा घालू नका, कारण काळ्या रानात ओल्यात कुदळ मारली की जी ढेकळं होतात ती पुढं महिनाभर फोडत बसावी लागतात आणि बारीक बी त्यात उगवतच नाही.

आता मेथीचं टाइमिंग सांगते. घटस्थापनेपासून धनत्रयोदशी साधारण २७ दिवसांवर येते आणि मेथी २५ दिवसांत काढायला येते, म्हणजे घट बसवताना एक वाफा टाकला तर ऐन दिवाळीत, गोडानं आणि तळणानं तोंड विटलेलं असतं तेव्हा, घरची कोवळी मेथी आणि गरम भाकरी ताटात येते. यासारखं सुख नाही, खरंच सांगते. पण सगळं बी एकाच दिवशी टाकू नका, तिथंच बहुतेकांचं बिघडतं, एका आठवड्यात इतकी भाजी येते की शेजारी वाटून संपत नाही आणि पुढं महिनाभर काहीच नसतं. तीन फूट रुंदीचे वाफे करा म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि आत पाय द्यावा लागत नाही, आणि दर १०-१२ दिवसांनी एक वाफा टाकत जा. पालक मात्र एकदाच टाकला तरी चालतो, महिन्यानं पहिली कापणी आणि मग परत परत फुटतो. मुळा ४०-४५ दिवसांचा. गाजर तीन महिन्यांच्या आतबाहेर, त्याचं रोप करून लावायचं नाही, जिथं वाढायचं तिथंच बी टाकायचं नाहीतर दुतोंडी वेडीवाकडी गाजरं निघतात.

कोथिंबिरीचे धने आख्खे टाकू नका, विटेनं किंवा लाटण्यानं हलकं रगडून दोन डाळ्या करा, रात्रभर भिजत ठेवा आणि मग टाका. ऑक्टोबरच्या उन्हात वरची माती दुपारपर्यंत तापते आणि धने उगवायला आठ-दहा दिवस घेतात, म्हणून वरून उसाचं पाचट पातळ पसरा, आपल्याकडं त्याला काय तोटा नाही, आणि कोंब दिसले की संध्याकाळी पाचट उचलून घ्या. पाणी सुरुवातीला झारीनंच द्या, पाट सोडला तर सगळं बी वाफ्याच्या खालच्या टोकाला जाऊन बसतं.

लसूण तर लावाच. ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच त्याचा वेळ आहे, त्याला सुरुवातीला थंडी लागते आणि पुढं गड्डा भरायला ऊन, त्यामुळं उशिरा लावलेल्या लसणाची पात छान दिसते पण खाली गड्डा बारीक राहतो. गड्ड्याच्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्याच घ्या, टोक वर ठेवून बोटाच्या पेराएवढ्या खोल टोचा, दोन पाकळ्यांत चार बोटं अंतर. साडेचार महिन्यांत काढणी, म्हणजे उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला करायच्या वेळी लसूण घरचा असतो. कांद्याचं रोपही आत्ताच गादीवाफ्यावर टाकून ठेवा, सात-आठ आठवड्यांनी लावणी.

एक काळजी घ्या. सोयाबीनवर तणनाशक मारलेलं असेल तर काही औषधांचा अंश मातीत बरेच दिवस राहतो आणि पुढची नाजूक भाजी मरगळते. त्या रानातली माती एका जुन्या डब्यात भरा, दुसऱ्या डब्यात बांधावरची भरा, दोन्हीत मेथीचे वीस-वीस दाणे टाका आणि दहा-बारा दिवस बघा. दोन्हीकडं सारखं उगवून सारखं वाढलं तर खुशाल पेरा, रानातल्या डब्यातलं पिवळं पडलं किंवा खुरटलं तर यंदा भाजी दुसऱ्या कोपऱ्यात घ्या.

प्रश्न: परतीच्या पावसात आमच्या भुईमुगाच्या शेंगा भिजल्या. काही शेंगांवर हिरवट-काळी बुरशी आलीय. घरातले म्हणतात भाजून लाडवाला वापरू, नाहीतर घाण्यावर तेल काढू, अगदीच खराब असतील त्या म्हशीला घालू. चालेल का?
एक शेतकरी, खानापूर तालुका

नाही चालणार, तिन्हीपैकी काहीच नाही. हे पत्र मी मुद्दाम मोठं उत्तर द्यायला ठेवलं कारण आपल्या भागात वाया घालवायचं नाही या चांगल्या सवयीपायी लोक नेमकं हेच करतात.

शेंगदाण्यावर जी हिरवट-पिवळसर बुरशी येते तिच्यातल्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते लिव्हरवर जातं, आणि लगेच उलटी-जुलाब होऊन कळतं असंही नाही, थोडं थोडं पोटात जात राहिलं तरी ते घातकच, लिव्हरच्या कॅन्सरशी त्याचा संबंध आहे. भाजून बुरशी मरते पण ते विष पूर्ण जात नाही. तेल काढलं तर विषाचा मोठा भाग पेंडीत उतरतो, थोडा घाण्याच्या तेलातही राहतो, आणि ती पेंड किंवा त्या शेंगा म्हशीनं खाल्ल्या की ते रूप बदलून दुधात येतं. ते दूध तुमच्याच घरात लहान पोर पितंय हे लक्षात घ्या. म्हणून बुरशीच्या शेंगा वेगळ्या काढून पुरून टाका, उकिरड्यावर टाकू नका, कोंबड्या आणि जनावरं तिथं पोचतात.

राहिलेल्या शेंगा वाचवायच्या असतील तर आजच कामाला लागा. ओल्या शेंगांचा ढीग घालून वर ताडपत्री झाकणं हे सगळ्यात वाईट, आत वाफ धरते आणि एका रात्रीत बुरशी चढते. पाऊस यायची भीती असेल तर शेडमध्ये, ओसरीवर, जागा मिळेल तिथं पातळ पसरा आणि फॅन लावा. ऊन पडलं की बाहेर काढा, दिवसातून तीन-चारदा हलवा. शेंग कानाजवळ हलवली की आत दाणा खुळखुळ वाजला पाहिजे आणि दाण्याचं साल बोटानं चोळल्यावर सुटलं पाहिजे, तोवर पोत्यात भरायचं नाही. पोती सुद्धा तागाची घ्या आणि खाली फळ्या टाका, फरशीला टेकवू नका. पुढच्या वेळी वेल उपटल्यावर शेंगा वर आणि पाला खाली असे उलटे ठेवून दोन-तीन दिवस रानातच सुकू द्या, मग तोडा.

वरून शेंग चांगली पण आतला दाणा सुरकुतलेला, काळपट किंवा चवीला कडू, असं असेल तर तोही टाका. घरात कूट करायला बसतो तेव्हा दाणे ताटात पसरून उजेडात निवडायचं काम ज्यांची नजर चांगली आहे त्यांच्याकडं द्या.

प्रश्न: आमच्या घरी आम्ही तीन बायका. सोयाबीनची काढणी, मळणी, हरभऱ्याची पेरणी, त्यात दिवाळीचा फराळ सगळा घरीच झाला पाहिजे हा सासूबाईंचा आग्रह. भाऊबीजेला पाहुणे. मला शाळेत नोकरी पण आहे. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला मी तापानं झोपलेली असते. काय करू?
एक शिक्षिका, वाळवा तालुका

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दिवाळीला अंथरूण धरणाऱ्या बायका आपल्याकडं घरोघरी आहेत आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

सासूबाईंचा आग्रह घरच्या चवीचा आहे, तो मोडायची गरज नाही, पण तेवढ्यासाठी सगळं तुम्हीच केलं पाहिजे हे कुठून आलं? तुमच्या पत्रात घरातल्या पुरुषांचा उल्लेखच नाही. मळणी झाली, माल आडतीला गेला की त्यांना बराच वेळ असतो. भाजणी भाजणं, गिरणीत जाऊन दळून आणणं, चिवड्याचे पोहे उन्हात वाळवून चाळणं, कढईसमोर उभं राहून शंकरपाळ्या तळणं, यातलं काय पुरुषाला जमत नाही? गावजेवणाला शंभर माणसांचं आमटी-भात पुरुषच शिजवतात ना, मग घरातल्या कढईला हात लावायला काय हरकत आहे. मिस्टरांना आणि दिरांना नावानिशी काम वाटून द्या, "जरा मदत करा" म्हणून भागत नाही, "भाजणी तुमच्याकडं, शुक्रवारपर्यंत दळून पाहिजे" असं सांगावं लागतं.

दुसरं, पदार्थ कमी करा. चार पदार्थ नीट केले तर पाहुण्याला काही कमी वाटत नाही. कुठले चार ते सासूबाईंना ठरवू द्या आणि त्यांना चुलीपासून उठवून पाटावर बसवा, मीठ-तिखट त्यांनी चाखून सांगायचं, हात दुसऱ्यांनी चालवायचे, मी तर म्हणते त्यांनाही हेच हवं असेल. जे टिकतं ते आधी करा, शंकरपाळ्या, चिवडा, चकली हे आठ-दहा दिवस अगोदर झालं तरी चालतं, ओल्या खोबऱ्याच्या करंज्या शेवटी. अनारसे हवेत तर तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवून कुटायचं, गूळ घालून पीठ मुरवत ठेवायचं, म्हणजे हे सोयाबीनच्या काढणीच्या आधी किंवा मळणीच्या नंतर, ऐन मधे नको. एखादा पदार्थ गावातल्या बचत गटाकडून घेतला तर त्यात कमीपणा नाही, तो आपल्याच गावातल्या बाईच्या हातचा असतो आणि पैसे तिच्या घरात जातात.

वसुबारसेला तर आपसूकच सोपं ताट असतं, गव्हाचं आणि दुधाचं चालत नाही, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. त्या दिवशी तळण ठेवूच नका.

आणि हरभऱ्याचं टेन्शन घेऊ नका. पाण्याची सोय असेल तर २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर हा पेरणीचा चांगला काळ आहे, मळणीनंतर चार दिवस गेले तर काही बिघडत नाही. जिरायती असेल तर मात्र ओल जायच्या आत, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत.

प्रश्न: नवीन तांदूळ आला की त्याचीच भाजणी करते पण चकल्या दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. तेलात कधी कधी विरघळतात पण. माप चुकतंय का?
जावळी तालुक्यातून

विरघळतात म्हणजे मोहन जास्त होतंय, आणि मऊ पडतात म्हणजे आत पाणी राहतंय. नव्या तांदळाला चिकटपणा जास्त, त्याचा भात करा, खीर करा, नवं अन्न देवाला दाखवा, पण भाजणी आणि अनारसे यांना जुना तांदूळच बरा.

माप असं: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, पाव वाटी धने, दोन चमचे जिरे. तांदूळ-डाळी धुऊन सावलीत अगदी कोरड्या होईपर्यंत वाळवा आणि प्रत्येक वेगळं, मंद आचेवर भाजा. चार वाट्या पिठाला पाव वाटी कडकडीत तेल बास झालं. पिठाइतकंच किंवा किंचित कमी पाणी उकळून त्यात तिखट, मीठ, तीळ, ओवा आणि मग पीठ, झाकून तासभर ठेवा, मग मळा. चकली तेलात सोडताना आच मोठी, सोडल्यावर मध्यम, आणि तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत बाहेर काढायची घाई करायची नाही. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, कोमट चकली झाकली की डब्यातच घाम धरते.

प्रश्न: माण तालुक्यात जिरायती रान आहे. पाऊस लांबला, ऑक्टोबरची २० तारीख उलटली. शाळू पेरू का?

आता थांबा. जिरायती शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान व्हावी लागते, त्यानंतर कणीस भरायच्या वेळी जमिनीत ओल उरत नाही. वैरणीसाठी थोडा तुकडा पेरायचा असेल तर पेरा, जनावरांचं बघावंच लागतं. खालच्या वावरात अजून ओल टिकून असेल तर तिथं हरभरा घ्या, पण सगळं बी एकाच वावरात गुंतवू नका. बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात रानाची खोली सांगून विचारून घ्या, हलक्या आणि भारी रानाला वाण वेगळे असतात.

प्रश्न: मिस्टर पुण्याला नोकरीला, मी, सासरे आणि दोन मुलं गावी. सहामाही परीक्षेनंतर सुट्टीत मुलं मोबाइल सोडत नाहीत. शेतात चला म्हटलं की तोंड वाकडं. ओढून न्यायला नको वाटतं.
एक आई, खटाव तालुका

ओढून नेऊच नका. मुलांना शेतात "मदत" नको असते, स्वतःचं काम हवं असतं, ज्याचा निकाल त्यांना स्वतः बघता येईल.

बियाण्याची परीक्षा त्यांच्याकडं द्या. घरात ठेवलेल्या हरभऱ्यातले १०० दाणे न निवडता मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि आठव्या दिवशी चांगले कोंब किती ते मोजायचं. ८५ च्या वर आले तर बियाणं उत्तम. कमी आले तर किती जास्त पेरावं लागेल ते गणित मोठ्यानं करायचं आणि आजोबांना सांगायचं. सासऱ्यांना आधी सांगून ठेवा की पोरांचा आकडा आला की तोच धरून पेरायचं. आपलं ऐकून आजोबा पेरतात हे बघितलेलं पोर मोबाइल बाजूला ठेवतं, हे मी अनेक घरांत बघितलंय.

घट बसतो तेव्हाही हेच दाखवता येतं, रानातली माती, त्यात गहू-ज्वारी, आणि नऊ दिवसांत बी उगवून वीतभर पिवळी रोपं. उजेड नाही म्हणून पिवळी, हे त्यांना विचारून बघा, उत्तर शाळेत शिकलेलं असतं. मुलगी असेल तर हादग्याला मैत्रिणींना घरी बोलवा आणि खिरापत परसातलीच करायला लावा, काकडी, उकडलेल्या शेंगा, जे असेल ते, डब्यात काय आहे हे ओळखायचा खेळ अजूनही पोरींना आवडतो. मुलालाही बसवा, कुठं लिहून ठेवलंय की पोरांनी खिरापत खायची फक्त.

दोन गोष्टी मात्र कडक पाळा. मळणी मशीनजवळ आणि फवारणीच्या वेळी मुलं नकोत, आणि सोयाबीनच्या गंजीत हात घालू देऊ नका, तिथं उंदरांमागं साप येतो. आधी काठीनं हलवायचं, पायात बूट हवेत.

प्रश्न: तांबड्या भोपळ्याचे वेल खूप धरलेत. एकदम सात-आठ भोपळे तयार झाले. टिकवू कसे आणि घारग्या कडक होऊ नयेत म्हणून काय करू?
मिरज तालुका

तोडताना देठ चांगला चार बोटं ठेवा, देठ मोडलेला भोपळा आधी खा, तो टिकत नाही. बाकीचे आठवडाभर हवेशीर सावलीत ठेवून साल घट्ट होऊ द्या, मग माळ्यावर पेंढ्यावर, एकमेकांना न टेकवता ठेवा, संक्रांतीपर्यंत सहज जातात. धुऊन ठेवू नका.

घारग्यांसाठी दोन वाट्या कीस चमचाभर तुपावर झाकण ठेवून शिजवा, एक वाटी गूळ घाला, विरघळला की लगेच उतरवा. गूळ घातल्यावर जास्त आटवला की घारग्या कडक होतात, तुमचं बहुतेक इथंच होत असणार. कोमट झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलदोडा, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढीच कणीक, पाणी अजिबात नाही. अर्धा तास ठेवून केळीच्या पानावर जाडसर थापा, वर खसखस लावा आणि मध्यम आचेवर तळा. तीन-चार दिवस राहतात, मुलांच्या डब्याला द्या, आणि शेजारी एखादा भोपळा आख्खा देऊन टाका, आठ भोपळे एका घरात संपत नाहीत.